पाण्याखाली जाऊन आलेला गंगेचा गडू

थोडं बोलू का? मी एक तांब्याचा गडू. लिंबापेक्षा जरासा मोठा, मुठीत सहज मावणारा. आम्हां गडूंना खरं तर बोलायची सवय नसते. पोटात गंगा भरली, तोंडावर कथलाची झाळ बसवली, की आम्ही देवघरात गप्प उभे. कुणाच्या घरी वीस वर्षं, कुणाच्या घरी तीन पिढ्या. पण मला मात्र आता गप्प राहवत नाही. जे माझ्या पोटात घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

माझा जन्म जालन्याचा. मस्तगडच्या एका जुन्या दुकानात एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून मला उचललं नंदाबाईंनी. त्या भोकरदनजवळच्या एका खेड्यातल्या. चार एकर मका-मिरचीचं रान, नवरा रामराव, बारावीतली लेक राजनंदिनी आणि थोरला मुलगा माऊली. बाईंचा सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. रामराव म्हणायचे, "आमच्या घरी उपासाचे दिवस मोजायचेच न्हाईत. जेवायचे मोजावं, जल्दी होतात." बाई हसायच्या आणि भगर शिजत घालायच्या.

माऊली गावातल्या विहिरीत पोहायला शिकला आणि थेट नौदलात गेला. तिथंही जहाजावर नाही, पाणबुडीवर. नंदाबाईंना हे कधीच पटलं नाही. "जहाज बुडू नये म्हणून लोक नवस करत्यात, अन् ह्यांचं मुद्दाम बुडवत्यात," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. माऊली सुट्टीवर आला होता, त्याला ताबडतोब परत या म्हणून बोलावणं आलं. बाईंनी त्याच दिवशी मला पदराखाली घेतलं आणि एस.टी.नं जांब समर्थ गाठलं. रामरायापुढं उभ्या राहिल्या. तिथून पुढं गोदाकाठाला गेल्या. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी मला भरलं आणि परतताना जालन्यात त्याच तांबटाकडून माझं तोंड झाळून घेतलं.

माऊलीच्या हातात मला देताना त्या म्हणाल्या, "रामरायाला बोलले मी. माझं लेकरू सुखरूप आलं, की हेच पाणी, झाळ न मोडता, तुझ्या पायावर घालीन. आता माऊली, तू हे फक्त जप. झाळ मोडली तर नवस मोडला."

"बराबर जपतो," माऊली म्हणाला. मला पायमोज्यात गुंडाळून त्यानं पिशवीत घातलं.

पाणबुडीचं नाव मी सांगणार नाही. सांगायची परवानगी नाही, आणि तिला ते आवडायचंही नाही. गप्प राहणं हा तिचा स्वभाव. काळी, लांबट, पोटात पन्नासएक माणसं घेऊन चालणारी. आत शिरल्यावर पहिला नियम कळला, की इथं काही वाजता कामा नये. राधेश्याम नावाचे वडीलधारे खलाशी होते, सगळ्यात जुने. त्यांनी प्रत्येकाच्या सामानातली किल्ल्यांची साखळी, सुटी नाणी, सैल झाकणाचे डबे काढून घेतले. माझ्यापाशी येऊन थांबले. "माँ ने दिया?" एवढंच विचारलं आणि पुढं गेले.

जागा इतकी कमी, की दोन माणसांत एक बिछाना. एक कामावर गेला की दुसरा त्याच गरम चादरीवर झोपायचा. माऊलीच्या बिछान्याचा दुसरा मालक होता अप्पाराव. आंध्रातला, गोदावरी समुद्राला मिळते त्या बाजूचा. मी उशीखाली असायचो, म्हणून मी दोघांचाही. "आधा तकिया मेरा, तो आधी अम्मा भी मेरी," असं म्हणून तो मला कपाळाला लावायचा आणि झोपायचा.

दोघांचं भांडणही माझ्यावरून. माऊली म्हणायचा, गोदावरी आमची, तुमच्याकडं पोहोचेपर्यंत ती दमलेली असते. अप्पाराव म्हणायचा, तुमच्याकडं ती पोरगी असते रे, बाई होते आमच्याकडं. त्याच्या गावात तिला गोदारी म्हणत.

खाली घड्याळ होतं, पण दिवस नव्हता. उपमा आला की सकाळ, डाळभात आला की दुपार. अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. समुद्राचंच पाणी तापवून, त्यातलं मीठ मागं ठेवून पिण्याचं पाणी करत, तेही मोजून मिळे. त्याला लोखंडाचा आणि तेलाचा वास असे. माणसं ते पिताना श्वास धरत. चारी बाजूंनी एवढा समुद्र आणि घोटभर पाण्यासाठी रांग. मला आत अस्वस्थ व्हायचं. माझ्या पोटात गोड पाणी होतं आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

एक दिवस, म्हणजे एका उपम्यानंतर, वरून आवाज आला. शत्रूचं जहाज वर आलं होतं. ते पाण्यात एक आवाज सोडायचं आणि तो येऊन आमच्या पोलादी पाठीवर टकटक करायचा, घरात कुणी आहे का, असं विचारल्यासारखा. उत्तर द्यायचं नव्हतं. पाणबुडी खोल गेली आणि थांबली. पंखे बंद, थंड हवेचं यंत्र बंद, चूल बंद. ज्याचं काम नाही त्यानं झोपून राहायचं, कारण उभा माणूस जास्त हवा खातो. बोलायचं तर ओठांनी.

दोन तास झाले, चार झाले, सहा झाले. हवा जड होत चालली. माणसांच्या अंगाची वाफ पत्र्यावर जमून थेंब खाली पडू लागले. माऊली कुशीवर पडून माझ्याभोवती बोटं आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. टक... टक... आवाज जवळ यायचा, लांब जायचा, परत यायचा. लढाईत तोफा धडधडतात असं मी ऐकलं होतं. इथं लढाई म्हणजे नुसतं ऐकत पडणं. त्याच्याइतकी तगमग दुसरी नसेल.

त्यात मागच्या खोलीत एका नळाचा सांधा सुटला आणि पाणी फवारायला लागलं. तो आवळायला अप्पाराव गेला. तिथली उष्णता भट्टीसारखी. हातोडा मारायची सोय नाही. सगळं हातानं, फडकी गुंडाळून. दीड तासानं सांधा बसला आणि अप्पाराव तिथंच कोसळला.

त्याला बिछान्यावर आणून ठेवलं. औषधपाणी बघणारा हरिओम त्याच्यापाशी बसला. सुई दिली, प्राणवायूची नळी लावली. मग माऊलीच्या कानाशी येऊन म्हणाला, "शरीर फार तापलंय. वर जाऊन मोकळी हवा मिळाली तर काही होईल. नाही तर माझ्या हातात आता काही नाही."

वर तर जहाज उभं.

अप्पारावनं डोळे उघडले. उशीखाली चाचपलं. मी त्याच्या हाताला लागलो.

"माऊली," तो पुटपुटला. "गोदारी दे."

आपल्याकडं शेवटच्या वेळी तोंडात गंगा घालतात. त्याच्याकडंही घालतात. माऊलीला कळलं. मलाही कळलं. त्याच्या तळव्याला सुटलेला घाम मला जाणवत होता. त्या घामात आईचे शब्द होते, झाळ मोडली तर नवस मोडला. आणि नवस मोडला तर? तो एकट्याचा प्रश्न नव्हता. वर जहाज होतं. नंदाबाईंच्या लेकराला राखणारी, त्यांच्या मते, एक झाळच तर होती.

त्यानं चाकू काढला.

झाळ फोडायची तर ठोका द्यावा लागतो. ठोका द्यायला बंदी. मग त्यानं मला टॉवेलात धरलं आणि चाकूच्या टोकानं कथील खरडायला लागला. तांबं किरकिरलं की थांबायचा. वरून टक ऐकू आलं की थांबायचा. मध्येच पडदा सरकला आणि राधेश्याम आत आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी खाली बसून आपल्या दोन्ही तळव्यांत मला घट्ट धरलं, म्हणजे माझं अंग थरथरून वाजू नये. "धीरे," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून पाऊण तास खपून एवढ्याशा गडूचं तोंड उघडलं.

पहिला घोट अप्पारावच्या ओठांवरून गळाला. दुसरा आत गेला. तिसराही. उरलेल्या थेंबांनी माऊलीनं त्याचं कपाळ पुसलं. मी रिकामा झालो. खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

माझ्या पाण्यानं तो वाचला असं मी म्हणणार नाही. पुढं दोन तासांनी वरचा आवाज लांब गेला तो गेलाच. पाणबुडी हळूहळू वर चढली, हवेची नळी पाण्याबाहेर निघाली आणि ताजी हवा आत घुसली. माणसांनी ती घास घेतल्यासारखी खाल्ली. हरिओम अप्पारावच्या उशाशीच होता. त्या दिवशी उशिरा शिजलेल्या डाळभाताला अप्पाराव बोलला. म्हणाला, "तुझी गोदावरी तांब्याची लागते रे. आमची गोड आहे."

सगळे हसले. हसतानाही तोंडावर हात धरून.

त्यानंतर माऊलीनं जी चूक केली तिचं ओझं मी पुढं महिनाभर वागवलं. रिकामा गडू आईला कसा दाखवायचा? ती तर ह्या झाळीच्या भरवशावर झोपत होती. पुढच्या वेळी तो खाली गेला, तर कशाच्या भरवशावर झोपेल? त्यानं मला पाणबुडीतल्या नळाचं पाणी भरलं, तेच लोखंडाच्या वासाचं. आणि बंदराला लागल्यावर कारखान्यातल्या एका मित्राकडून माझं तोंड झाळून घेतलं. अप्पाराव रजेवर आपल्या गावी गेला. माऊली इकडं आला.

नंदाबाईंनी दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"झाळ लई चकाकून राह्यली रे."

"समुद्राची हवा लागली, आई."

"असंल," त्या म्हणाल्या आणि मला हळदीकुंकू वाहिलं. ते कुंकू मला चटका बसावा तसं लागलं.

माऊली घरी होता आणि नव्हता. जेवण झाल्यावर स्टीलचं ताट मोरीत असं ठेवायचा, की ठेवल्याचं कळू नये. दार लावायचं तर बोटं मध्ये घालून. विहिरीवरची मोटर सुरू झाली की मान वर करून ऐकत राहायचा. राजनंदिनी म्हणाली, "दादा, तू आपल्याच घरात चोरावानी कामून चालून राह्यला?" तो हसायचा. आई विचारायची, तिथं कसं होतं रे? खायला-प्यायला? तो म्हणायचा, "बराबर होतं."

बाईंचा उत्साह मात्र मावेना. येईल त्या शेजारणीला मला दाखवायच्या. "बघा, टिकली न्हाई उडाली झाळीची. हिनंच राखलं माझ्या लेकराला." माऊली उठून रानात निघून जायचा. मी कुठं जाणार? मी तिथंच, खोटं पोटात घेऊन.

नवस फेडायचा दिवस ठरला. भाड्याची गाडी करून चौघं सकाळीच निघाले. घनसावंगीला चहाला थांबले तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मोठा गडू घेते. अन् झाळ आणखी पक्की. मंग मला काळजीच न्हाई."

माऊलीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. अर्थातच, आवाज न करता. पण उरलेला चहा त्यानं प्यायला नाही.

जांबला देवळाबाहेर नारळाच्या दुकानापाशी तो थांबला.

"आई, ते पाणी देवाला घालू नको."

"कामून?"

"गंगा न्हाई त्यात. झाळ मीच फोडली. मीच दुसरी लावून आणली."

बाईंच्या हातात नारळ होता. तो त्यांनी परत टोपलीत ठेवला. माऊलीनं उभ्या उभ्या सांगितलं. अप्पाराव कोण, सांधा कसा सुटला, त्यानं काय मागितलं.

"मेला का तो?"

"न्हाई. आहे. घरी आहे त्याच्या."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. अंगठ्यानं माझी झाळ घासून पाहिली.

रामराव हळूच म्हणाले, "अगं, नाथांनी कावडीतली गंगा गाढवाला पाजली. ह्यानं तर माणसाला पाजली."

"पाजली त्याचं कुठं म्हणून राह्यले मी? पण नाथांनी कावडीला नवी झाळ लावून, चकाकवून न्हाई आणली." मग माऊलीकडं वळून, "मी महिनाभर गावभर सांगत हिंडले. तू ऐकत होता."

"तुझा आधार जाईल वाटलं. पुढच्या खेपेला मी खाली गेलो, की तू झोपणार न्हाईस."

"आताबी कुठं झोपत होते? झोपले म्हणून सांगत होते तुला."

बाजूनं माणसं देवळात जात होती, घंटा वाजत होती. बाई ओट्यावर बसल्या. मला माऊलीपुढं धरलं.

"फोड."

"इथं?"

"तुला येतं ना? फोड मंग."

नारळवाल्याकडून त्यानं कोयता मागून घेतला. खांद्यावरचा रुमाल माझ्याभोवती गुंडाळला आणि टोकानं खरडायला लागला. जरा किरकिरलं की थांबे, मान वर करून ऐके, मग पुन्हा. एवढी घंटा, एवढा गलका, आणि त्याच्या कपाळावर घाम. राजनंदिनी त्याच्या शेजारी बसली. हलकेच म्हणाली, "दादा, इथं वाजलं तरी चालतं."

त्याचा हात थांबला. बाई त्याच्याकडं बघत होत्या. महिनाभर त्यांनी त्याला डोळे भरून बघितलं होतं, पण मला वाटतं, खरा तो त्यांना तिथं दिसला.

त्यांनीच कोयता घेतला आणि दणकन एक घाव घातला. झाळ उडाली. दुकानदारानं वळून पाहिलं. बाईंनी मला तोंडाला लावलं.

"लोखंडाचा वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "अन् कसलं तेल... हेच पेत होता तू?"

"हेच."

"किती दिवस?"

"बेचाळीस."

"पोटभर तरी मिळायचं का?"

मला वाटलं, बराबर मिळायचं, असं म्हणेल. पण तो म्हणाला, "न्हाई." आणि जो बोलायला लागला तो थांबेना. गरम चादर, पत्र्यावरून पडणारे थेंब, टकटक, जड हवा. रामराव डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. बाई ऐकत होत्या आणि मधेमधे माझ्यातलं ते पाणी घोट घोट पीत होत्या, शेवटच्या थेंबापर्यंत.

मग त्या देवळात गेल्या. हातात मी, रिकामा. त्यांनी रामरायाला सांगितलं, "झाळ मोडली. पाणी वाटेत एका लेकराला लागलं. नवस फिटला का राह्यला, तूच बघ." पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं ते घेतलं. देवानं काही सांगितलं का, मला ठाऊक नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून तरी कळलं नाही.

परत निघण्याआधी गाडी गोदाकाठाला नेली. बाई पुन्हा पाण्यात उतरल्या आणि पुन्हा मला भरलं. रामराव म्हणाले, "जालन्यात थांबू. झाळून घेऊ."

"न्हाई. फडक्याचं बूच लावते. लागलं तर पाऊण तास खरडत बसायचं का त्यानं?"

माऊली नदीकडं तोंड करून उभा होता.

"रिकामा आणला तरी चालंल," बाई त्याला म्हणाल्या. "पण मला खरं सांगत जा. मला सोसतं."

आता मी दाराजवळच्या पिशवीत आहे. उद्या सकाळच्या बसनं माऊली निघेल. अप्पारावही परत कामावर येतोय म्हणे, बिछाना पुन्हा दोघांतच. लढाई थांबली असं टीव्हीवर सांगतात, पण माऊलीला बोलावणं आलंच. बूच थोडं सैल आहे, माझं तोंड सारखं ओलसर राहतं. झाळलेला होतो तेव्हा मला अशी धाकधूक नव्हती.

बाईंनी या वेळी नवा नवस केला नाही. त्यांनी अप्पारावच्या आईचा फोन नंबर मागून घेतला. एकीला तेलुगू येत नाही, दुसरीला मराठी. तरी गेले तीन दिवस दोघी संध्याकाळी फोन लावतात. इकडून ही विचारते, जेवलात का, तिकडून ती काहीतरी म्हणते, मग दोघी नुसत्या फोन धरून बसतात. पोरं खाली गेल्यावरही लावणार आहेत, रोज.

माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. सांजेला देवापुढं दिवा लावाल तेव्हा पाण्याखालच्या माणसांसाठी एकदा हात जोडा. त्यांची नावं तुम्हांला कळणार नाहीत, त्यांचा ठावठिकाणा तर त्यांच्या आयांनाही कळत नाही. येतो मी.